जळलेला दगड

माझी मैत्रीण दुसऱ्या पुरुषाने पळवली असं आमच्या गावात म्हणतात. ते खरं नाही. ती एका खड्याने पळवली. चार मिलिमीटरचा, तपकिरी, एका बाजूने टोकदार. पुरुष फक्त त्या खड्याच्या भोवती होता.

त्या पुरुषाचं नाव वेन्डल फ्रीसन. आमच्या लार्क क्रीकमध्ये दोन चर्च, एक धान्याचं कोठार आणि एक कर्लिंग क्लब आहे, आणि चारही ठिकाणी वेन्डलबद्दल आदराने बोलतात. मी क्लबात बर्फ बनवतो. माझ्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, कारण बर्फ चांगला असला की तो कुणी बनवलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

कर्लिंग म्हणजे वीस किलोचा दगड बर्फावरून लांबच्या वर्तुळाकडे सोडायचा, आणि त्याच्या पुढे दोघांनी झाडूने बर्फ घासत पळायचं. एवढंच. आमच्याकडे हिवाळा सहा महिने असतो, त्यामुळे एवढं पुरतं. आता, आमच्याकडे या दगडाला आणि मुतखड्याला शब्द एकच आहे. त्यामुळे विनोद कुणी केले नाहीत तरी होतात.

गेल्या हिवाळ्यात वेन्डलला मुतखडा झाला. गावात सांगतात ते असं: तीन दिवस तो दात-ओठ खात खेळला, सगळे सामने जिंकला, हरलेल्यांना आमच्या रीतीप्रमाणे स्वतःच्या खिशातून बिअर पाजली, आणि मग स्वतः गाडी चालवत शेजारच्या गावच्या इस्पितळात गेला. तिथे कॉरिन नर्स आहे. ती तेव्हा माझी होती. म्हणजे ती कुणाची नसते, हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. पण शुक्रवारी ती माझ्याबरोबर जेवायची.

खडा बाहेर पडतोय का हे बघायला इस्पितळात लघवी जाळीतून गाळतात. वेन्डलची लघवी कॉरिनने गाळली. एका खेपेला जाळीत खडा टपकन पडला. आनंदाच्या भरात तिने वेन्डलचा हात धरला. तो तिने अजून सोडलेला नाही.

मी तिला काय दिलं होतं? कानातले. बर्फावर घसरणार नाहीत असे बूट. एकदा तिचा हीटर दुरुस्त करून दिला. यातलं काहीच माझ्या शरीरातून निघालेलं नव्हतं.

खडा आता क्लबात ढालींच्या कपाटात आहे, मोहरीच्या एका छोट्या बाटलीत. खाली पाटी: ‘वेन्डल फ्रीसनचा दगड. खेळायचा नव्हे.’ कपाट पुसायचं काम माझं असल्यामुळे ती बाटलीही मीच पुसतो. लख्ख ठेवली आहे. जळणाऱ्या माणसाने स्वच्छतेत हयगय करू नये, नाहीतर लोकांना कळतं.

यंदा फेब्रुवारीत, बाहेर उणे एकतीस असताना, मला उन्हाळी लागली.

सकाळी क्लबाच्या संडासात उभा होतो आणि तिथून काहीतरी पेटल्यासारखं गेलं. मी भिंतीला हात टेकला. पाच मिनिटांनी पुन्हा घाई. गेलो तर थेंब. पुन्हा घाई, पुन्हा थेंब. त्या दिवशी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडायचे होते. पाठीला टाकी लावून, उलटं चालत, हात झुलवत शिंपडावं लागतं, म्हणजे बर्फावर बारीक पुळ्या उठतात आणि दगड नीट सरकतो. मी शिंपडत होतो आणि मध्येच पळत होतो. टाकीचा आणि माझा वेग साधारण सारखाच होता.

दुसरा कुणी घाबरला असता. मला आनंद झाला. मला वाटलं, आला. माझाही दगड आला.

ते सगळं मी लगेच डोळ्यांपुढे आणलं. पाच मिलिमीटरच्या खाली मी घेणारच नव्हतो. कपाटात वरच्या खणात जागा होती. कॉरिन बाटली हातात घेऊन उजेडात धरेल आणि म्हणेल, “ओरी, हे तू एकट्याने सोसलंस?” मी म्हणेन, “त्यात काय.” हे ‘त्यात काय’ मी आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं जमत होतं. मध्ये थेंबासाठी थांबावं लागलं तेवढंच.

इस्पितळाची जाळी माझ्याकडे नव्हती. मी घरातलं चहाचं गाळणं घेतलं.

मी आजीबरोबर राहतो. आमचे लोक युक्रेनहून आले तेव्हा आजीला ‘बाबा’ म्हणायची पद्धत बरोबर घेऊन आले, म्हणून मीही तिला बाबा म्हणतो. बाबा आमच्या कर्लिंग संघाची कप्तान आहे. क्लबाच्या स्वयंपाकघराचीही कप्तान तीच, पेरोगी (बटाटा भरून उकडलेल्या करंज्या) तिच्याशिवाय कुणाला वळू देत नाही. संघात मी झाडू मारतो आणि बाबा ओरडते.

“गाळणं कुठाय?” बाबाने विचारलं.

“कुठलं?”

“चहाचं. घरात किती गाळणी आहेत, राजवाडा आहे का हा?”

“शोधतो.”

“आणि तू सारखा संडासात काय करतोस?”

“पाणी जास्त पितोय.”

“जळजळ होते का?”

मी कपाच्या तळाशी बघत बसलो. तळाशी चहाची पत्ती होती, कारण गाळणं नव्हतं.

“तुझ्या आजोबांनाही झालेलं,” बाबा म्हणाली. “तेही सांगत नव्हते.”

“मग?”

“मग काय. फोटो आहे की भिंतीवर.”

तिने क्रॅनबेरीच्या रसाची मोठी बाटली माझ्यापुढे आपटली. “हा पी. याने तोंडाला चव येईल, बाकी काही होणार नाही. आणि इस्पितळात जा. बाप्यामाणसाला लघवीला जळजळ झाली की घरी बसून रस प्यायचा नसतो.”

“जातो की.”

“कधी?”

“स्पर्धा झाल्यावर.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि पीठ मळायला घेतलं. ते पीठ मी आहे असं समजून तिने ते मळलं.

जायला माझी ना नव्हती. पण इस्पितळात कॉरिन होती. तिच्यासमोर रिकाम्या हाताने कसा जाऊ? वेन्डलने जाताना खडा नेला, मी काय नेऊ, रस? आणि तो तीन दिवस सोसून गेला होता. तीन दिवसांच्या आत गेलो असतो तर गावाने म्हटलं असतं, ओरेस्ट हनाट्यूकला कळ सोसत नाही. म्हणून मी गाळत राहिलो. गाळण्यात काहीच पडेना. एकदा पडलं असं वाटलं, ती चहाची पत्ती होती.

रविवारी अंतिम सामना. पहिलं बक्षीस अर्धं डुक्कर, कापून, कागदात गुंडाळून. बाबाचा संघ विरुद्ध वेन्डलचा संघ. कॉरिन एरवी त्याच्या संघात असते (आधी आमच्यात असायची), पण त्या दुपारी तिची ड्यूटी होती, म्हणून चौथ्या जागी दुसरं कुणी खेळत होतं. उरलेलं गाव काचेमागे बसून पेरोगी खात होतं. अंतिम सामन्याला दोन्ही कप्तानांच्या छातीला माइक लावतात, म्हणजे बर्फावरची चर्चा काचेमागे ऐकू येते. ही माझीच कल्पना होती. त्या दिवसापर्यंत मला तिचा अभिमान होता.

सकाळपासून मला थंडी भरली होती. दात वाजत होते. पण बर्फाच्या हॉलमध्ये थरथरणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. मग अंगातून वाफा निघायला लागल्या, मी जाकीट काढलं, स्वेटर काढला, आणि तिसऱ्या फेरीत बनियनवर आलो. तेव्हा बघायला लागले.

“ओरी,” बाबा लांबून ओरडली, “लग्नाला निघालास का?”

ओटीपोटात, त्याच्याही खाली, नेमकं बसतो त्या जागी कुणीतरी गरम दगड ठेवल्यासारखं दुखत होतं. वाकून घासायला घेतलं की तो दगड हलायचा. मला वाटलं, येतोय. इथेच येणार. अंतिम सामन्यात, वेन्डलच्या डोळ्यांसमोर. गाळणं मी जाकिटाच्या खिशात ठेवलं होतं आणि जाकीट लांब बाकावर होतं, एवढीच काळजी होती.

पाचव्या फेरीत बाबाने दगड सोडला. त्याच्या पुढे मी झाडू मारत पळत होतो. मध्यावर माझे डोळे मिटले असावेत. मी थांबलो, हात वर केला आणि म्हणालो, “जळलं.”

हॉल थांबला.

का थांबला ते सांगतो. आमच्या खेळात पंच नसतो. चालत्या दगडाला झाडू लागला तर त्याला ‘जळला’ म्हणतात, आणि ज्याचा लागला त्याने स्वतःच हात वर करून सांगायचं असतं, कुणी बघितलेलं नसलं तरी. न सांगणाऱ्याशी लोक बोलणं टाकतात. आणि एकदा हात वर गेला की पुढे काय करायचं ते समोरचा कप्तान ठरवतो. त्याचा शब्द शेवटचा.

वेन्डल वर्तुळातून चालत आला. उंच आहे. मला तेही आवडत नाही.

“कुठे लागला झाडू?”

“नाही लागला.”

“मग जळलं काय?”

मी विचार केला. दुसरं काही सुचलं असतं तर ते म्हणालो असतो.

“लघवी,” मी म्हणालो.

ते माइकमधून गेलं. काचेमागे कुणाचा तरी काटा ताटात पडल्याचं मला ऐकू आलं, पण ते तापातलं असेल. वेन्डलने हातमोजा काढून माझ्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढला.

“थंडी वाजते?”

“बर्फावर उभा आहे मी.”

“बनियनवर. दुखतं कुठे?”

“खाली. बसतो तिथे.”

“कमरेच्या एका बाजूला कळ येते? पुढे उतरते? लोळावंसं वाटतं?”

“नाही.”

“मग दगड नाही वाटत.”

“माझ्या दगडाबद्दल बोलणारा तू कोण?”

“ओरी, तो असता तरी तापात घरी थांबायचं नसतं. कॉरिनने माझ्याकडून पाठ करून घेतलंय. लघवीला जळजळ आणि वर ताप-थंडी असली की त्याच दिवशी जायचं. लघवीतून रक्त आलं, कमरेत दुखलं, उलट्या झाल्या, लघवी अडली, तरी त्याच दिवशी. शेवटची कधी झाली तुला?”

“सकाळपासून नीट झालीच नाही.”

“अजिबात?”

“थेंब.”

वेन्डलने दाराकडे बघितलं. “सामना संपू दे,” मी म्हणालो. “मग जातो.”

“हात तू वर केलास ना?” वेन्डल म्हणाला. “आता ठरवणार मी. चल गाडीत.”

मला नियम माहीत होता. गावाला नियम माहीत होता. मी बाबाकडे बघितलं. तिने मान हलवली; नियम तिनेच मला शिकवला होता. वेन्डलने छातीचा माइक काढून बाकावर ठेवला आणि तिथलं माझं जाकीट माझ्या खांद्यांवर टाकलं. दार ओलांडताना मागून बाबाचा आवाज स्पीकरवर आला, “पोरं डॉक्टरकडे गेलीत. दगड आहे तिथेच राहू द्या. तिघं-तिघं खेळू. पेरोगी अजून आहेत.”

गाडीत वेन्डलने हीटर पूर्ण लावला, मग माझ्याकडे बघून बंद केला, मग मी थरथरायला लागलो म्हणून परत लावला. त्याची गाडी माझ्यापेक्षा नवी आहे. सीटही गरम होतं. ज्या जागी दुखत होतं तिथे ते इतकं बरं वाटलं की मला त्याचा राग आला.

“तू तीन दिवस सोसलंस,” मी म्हणालो. “माझा चौथा आहे.”

वेन्डलने हीटरचं बटण उगाच फिरवलं.

“मी तीन दिवस नाही सोसलं.”

“गावात सगळे—”

“बिअर पाजत होतो तेव्हा पहिली कळ आली. तासाभरात इस्पितळात होतो. गाडी आईने चालवली. मी मागे आडवा पडून रडत होतो.”

“आणि तीन दिवस?”

“कुणीतरी विचारलं, किती वेळ सोसलंस? मी म्हटलं, खूप. पुढच्या आठवड्यात त्याचे तीन दिवस झालेले. मी दुरुस्त केलं नाही.”

“बाटलीखाली पाटी लावताना तरी बोलायचंस.”

“पाटी फार छान झाली होती रे.”

म्हणजे तासाभराच्या माणसाशी मी चार दिवस शर्यत लावली होती. पहिल्याच सकाळी जिंकलो होतो आणि मला कुणी कळवलं नव्हतं. मी हे मनाशी घोळवून बघितलं. बरं वाटायला हवं होतं.

“रडलास तेव्हा कॉरिन होती?”

“हो.”

“मग तिने काय केलं?”

“डोकं कुरवाळलं.”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर काहीच नव्हतं. आमच्याकडे कधीच नसतं.

इस्पितळात कॉरिनने मला खाटेवर घेतलं, थर्मामीटर कानात घातला आणि आकडा बघून डॉक्टरला हाक मारली. हाक तिने शांतपणे मारली, पण येताना डॉक्टर पळत आला.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“चार दिवस.”

“चार दिवस काय करत होतास?”

“खडा पडायची वाट बघत होतो.” मी जाकिटातून गाळणं काढून दाखवलं, म्हणजे तिला कळावं की मी हयगय केली नाही.

कॉरिनने ते हातात घेतलं. मग चिमटीत घेतलं. “हे बाबाचं आहे ना?”

“हो.”

“ती मला यातून चहा द्यायची.”

“तेव्हा ते फक्त चहाचं होतं.”

तिने ते कचऱ्यात टाकलं आणि हात धुतले. मग लघवीचा नमुना, रक्त, सलाइन. डॉक्टरने हातमोजा चढवला. त्या तपासणीबद्दल एवढंच सांगतो की वेन्डल खोलीबाहेर होता. लघवी तुंबली होती, ती नळीने काढावी लागली. जी भरली ती पिशवी बघून मलाच आश्चर्य वाटलं. सोनोग्राफीही झाली.

“खडा नाही,” डॉक्टर म्हणाला.

“एकही?”

“एकही नाही.”

“लहानसा असेल. नीट बघा.”

“प्रोस्टेट सुजलंय. जंतू झालेत तिथे. म्हणूनच ताप, म्हणूनच लघवी अडली. आता शिरेतून औषध देतोय, पुढे काही आठवडे गोळ्या. बरं वाटलं तरी मध्ये सोडायच्या नाहीत. आणखी थांबला असतात तर हे रक्तात पसरलं असतं. त्यातून माणूस जातो.” तो गेला. डॉक्टर लोक अशी वाक्यं बोलून जातात, ती घेऊन आपण एकट्याने झोपायचं.

पण मी एकटा नव्हतो. कॉरिन सलाइनचे थेंब बघत उभी होती. थेंब, थेंब. तेवढ्या वेगाने काम करणारं तिथे आणखी कुणीतरी होतं याचं मला बरं वाटलं.

“तुला खडा कशाला हवा होता, ओरी?”

“त्याच्याकडे होता.”

तिने खुर्ची ओढली.

“मी त्या खड्यामुळे गेले असं वाटतं तुला?”

“चार मिलिमीटरचा होता.”

“त्याला दुखत होतं आणि तो दुखतंय म्हणाला. एवढंच. तुला दोन वर्षांत काय काय दुखलं ते मला एकदाही कळलं नाही. माझा हीटर दुरुस्त करताना तुझं बोट भाजलं होतं. मला ते बाबाकडून कळलं, महिन्याने. व्रण दाखव.”

मी बोट दाखवलं.

“फार नव्हतं भाजलं,” मी म्हणालो.

“बघ,” ती म्हणाली.

मी बघितलं. बऱ्यापैकी भाजलं होतं. माझ्या तोंडून आपोआप ‘त्यात काय’ येत होतं. आरशासमोर इतक्यांदा म्हटलेलं. मी ते गिळलं.

“दुखतंय,” मी म्हणालो. “खूप. बोट नाही. खाली.”

कॉरिनने उशी सरळ केली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. कुरवाळलं असं म्हणता येणार नाही. पण ठेवला, आणि जरा वेळ राहू दिला.

तेवढ्यात वेन्डल आत आला. बाबाचा फोन आला होता: शेवटच्या दगडावर ती जिंकली, अर्धं डुक्कर आमचं, आणि गाळण्याचं काय झालं ते तिला कळलं आहे. कसं कळलं ते तो सांगेना. मग त्याचं लक्ष कॉरिनच्या हाताकडे गेलं. तो हात अजून माझ्या डोक्यावर होता. तिथून त्याची नजर भिंतीवरच्या फळ्यावर गेली. तिथे माझा ताप लिहिला होता.

“चाळीस पॉइंट एक?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

“आणि चार दिवस.”

“चार.”

“डॉक्टर म्हणाला माणूस जातो?”

“म्हणाला.”

वेन्डल खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ताबडतोब ओळखलं. वर्षभर तो चेहरा मी कपाटाच्या काचेत बघत होतो.

“कॉरिन,” तो म्हणाला, “माझा बघ ना जरा.”

“तुला काही झालेलं नाही.”

“पण बघ ना.”

तिने माझ्या डोक्यावरचा हात काढला, उठून त्याच्या कानात थर्मामीटर घातला.

“सदतीस,” ती म्हणाली.

“सदतीस पॉइंट किती?”